चौरस उभे राहणे (अश्वप्रदर्शन)

चौरस उभे राहणे : चारही पायांवर सारखा भार देऊन घोड्याने स्थिर उभे राहण्याची रीत. पुढचे दोन खूर एका ओळीत, मागचे दोन एका ओळीत आणि पायांच्या नळ्या ओळंब्यात असाव्या लागतात. अमेरिकेतील क्वार्टर हॉर्स जातीच्या प्रदर्शनांत ही रीत रूढ आहे. या जातीची नोंदणी ठेवणारी अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन १९४० मध्ये टेक्सास राज्यात स्थापन झाली. सर्व जातींना मात्र हा नियम लागू नाही. मॉर्गन व सॅडलब्रेड घोडे पाय ताणून उभे केले जातात.

‘हॉल्टर’ वर्गात घोड्याची अंगबांधणी तपासतात: बांध्याचा समतोल, पायांची सरळता, स्नायूंची भरण, जातीची लक्षणे. खूर तिरके पडले, तर सरळ पायांचे जनावरही फेंगडे दिसते. ‘शोमनशिप’मध्ये अंगबांधणीला गुण नसतात, घोडा धरणाऱ्याचे कसब पाहिले जाते.

शिकवण्याचे सारे मर्म भारात आहे. ज्या पायावर वजन आहे तो घोडा उचलू शकत नाही, म्हणून आधी वजन दुसरीकडे न्यावे लागते. घोडा सरळ चालवत आणून सरळच थांबवावा. अंग वाकडे असताना पाय जुळवत बसणे व्यर्थ होय. बहुतेक जाणकार मागचा उजवा पाय आधी रोवून घेतात, कारण शोमनशिपमध्ये घोडा उजवीकडे वळतो तो याच पायावर. धरणारा घोड्याकडे तोंड करून मोरकीची दोरी किंचित मागे दाबतो किंवा पुढे घेतो, त्यासरशी मागचा डावा पाय हलतो. खूर जागेवर टेकला की त्याच क्षणी दोरी सैल सोडायची. हा सैलपणाच घोड्याचे बक्षीस आहे आणि तो उशिरा मिळाला, तर घोडा नेमके काय बरोबर केले हे शिकत नाही. पुढचे पाय नंतर, तशाच हलक्या इशाऱ्याने जुळवतात. घोडा हलला तर त्याला शांतपणे पूर्वीच्या जागी आणावे. उभे राहण्याचा अवधी थोडा थोडाच वाढवावा. घाईत दोरीला हिसके दिले, तर घोडा मान वर फेकतो आणि जमलेले पाय पुन्हा विस्कटतात.

पायांची ठेवण जमली, तरी घोडा माणसाच्या हालचालीने चाळवता कामा नये. शोमनशिपमध्ये परीक्षक घोड्याभोवती फिरतात. ते पुढच्या अर्ध्या भागात असताना धरणारा घोड्याच्या दुसऱ्या बाजूस जातो. ते मागच्या अर्ध्या भागात गेले की परीक्षकांच्याच बाजूस येतो. त्यामुळे परीक्षकांना घोडा व धरणाऱ्याला परीक्षक सतत दिसतात. घरच्या सरावातही ही बाजू बदलण्याची सवय लावावी.

घोड्याला हात लावून किंवा त्याच्या खुराकडे आपले पाऊल रोखून पाय जुळवणे हा शोमनशिपमध्ये गंभीर दोष मानतात.