एल्सा क्रेग : कांद्याचे एक नाव आणि त्यामागील ज्ञान

पिकांच्या जातींना मिळालेली नावे ही इतिहासाची साधने होत. परंतु सनदा व शिलालेख यांप्रमाणेच तीही कोणाच्या तरी बाजूने बोलत असतात. ‘एल्सा क्रेग’ हे कांद्याच्या एका थोराड जातीचे नाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. ही जात १८८७ साली प्रसिद्धीस आली. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कलेन गढीत एल्साच्या मार्क्विसांच्या पदरी असलेले माळी डेव्हिड मरे यांच्याकडे तिचे जनकत्व जाते. गढीसमोर समुद्रात एल्सा क्रेग नावाचे खडकाळ बेट उभे आहे. ‘क्रेग’ हा शब्द मूळ गेलिक, आणि त्याचा अर्थ खडक. या बेटावरूनच केनेडी घराण्याने १८०६ मध्ये आपल्या सरदारकीचे आणि १८३१ मध्ये मार्क्विसपदाचे नाव घेतले होते. म्हणजे कांद्याच्या नावात बेट आहे, बेटाआड धनी आहे. माळी मात्र नाही. त्याचे ज्ञान शोधावयाचे तर ते नावात नव्हे, लागवडीच्या रीतीत शोधले पाहिजे.

कलेन हे ५५ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. डिसेंबरअखेर तेथील दिवस जेमतेम सात तासांचा असतो. अशा प्रदेशात बियांपासून प्रचंड कांदा पिकतो, तेव्हा काचगृहाच्या उबेने माळ्यांनी थंडीवर विजय मिळविला असे अनुमान सहज निघते. ते अर्धेच खरे आहे. ब्रिटनमध्ये काचेवरील कर १८४५ साली उठला आणि त्यानंतर काचगृहांचा प्रसार झाला, हे निर्विवाद. परंतु जुन्या रीतीत काचेखाली वाढे ते रोप. कांदा पोसला जाई तो उघड्या वाफ्यात. नाताळच्या सुमारास बी पेरावयाचे, एप्रिलमध्ये रोप बाहेर लावावयाचे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कांदा काढावयाचा, असा हा क्रम. पेरणीसाठी २६ डिसेंबर हा दिवस तर रूढच होऊन बसला.

या क्रमाचे मर्म कांद्याच्या रचनेत आहे. कांद्याचा गड्डा म्हणजे पातीच्या फुगलेल्या बुडख्यांचा समूह होय. गड्डा भरू लागला की नवी पात येणे थांबते. म्हणून त्यापूर्वी पात जितकी अधिक, तितका कांदा मोठा. गड्डा केव्हा धरावयाचा हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. उत्तरेकडील जातींना सुमारे पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. डिसेंबरात पेरलेल्या रोपाला असा दिवस उगवेपर्यंत चार-पाच महिने पात वाढविण्यास मिळतात. पुढे जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा होतो, आणि थंड उन्हाळा गड्ड्याला घाईने पिकू न देता भरण्यास अवधी देतो. थंडी येथे केवळ वैरीण नाही. अर्थात तिचा धाकही आहे: वाढलेल्या रोपाला दीर्घकाळ थंडी बाधली, तर फुलोऱ्याचा दांडा येतो आणि गड्डा वाया जातो. महाराष्ट्रातील शेतकरी यालाच ‘डेंगळे येणे’ म्हणतात. काचगृहाचे खरे कार्य हा धोका टाळून उजेडाची वाट पाहणे हे होते.

या गोष्टीस शास्त्रीय रूप मिळाले ते पुढे. दिवस-रात्रीच्या लांबीचा वनस्पतींच्या जीवनक्रमावर होणारा परिणाम गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन संशोधकांनी १९२० साली मांडला. मॅग्रूडर व अ‍ॅलार्ड यांनी १९३७ साली अमेरिकन व युरोपीय कांद्यांच्या गड्ड्यांवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. एल्सा क्रेग त्याआधीच वाफ्यांत रुजला होता. माळ्यांचे पंचांग सिद्धांताच्या पुढे चालत होते, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळतो.

तथापि या ज्ञानाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ते स्थळाशी बांधलेले होते. नाशिकला वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो. तेथे उत्तरेकडील बी पेरले तर पात माजते, पण गड्डा नीट धरत नाही. तेथील जाती लहान दिवसांत पोसणाऱ्या आहेत, आणि पोळ, रांगडा, उन्हाळी ही त्यांची नावे हंगामाची आहेत. शेतकऱ्याने केव्हा काय करावयाचे याचे भान मराठी नावाने जपले. स्कॉटिश नावाने जपली ती मालकीची खूण.

रीत मात्र गढीत कोंडून राहिली नाही. ईशान्य इंग्लंडातील खाणकामगारांनी कांदे व लीक यांची प्रदर्शने आपल्या वस्त्यांत रुजविली. दुसऱ्या महायुद्धात तर तिचे मोल सर्वांना कळले. ब्रिटन तोवर बहुतांश कांदा बाहेरून आणीत असे. १९४० मध्ये फ्रान्स पडला, ब्रिटनी आणि चॅनेल बेटांकडून होणारी आवक तुटली, आणि कांदा इतका दुर्मिळ झाला की एकेका कांद्याची सोडत काढली जाऊ लागली. बियांपासून कांदा वाढविण्याची कला त्या वेळी हौस उरली नाही.

कलेनची गढी १९४५ मध्ये केनेडी घराण्याकडून स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे गेली. २०२३ साली इंग्लंडातील हॅरोगेट येथील प्रदर्शनात ८·९७ किलोग्रॅमचा कांदा तोलला गेला आणि नवा उच्चांक झाला. धनी गेला, वजने वाढली. एल्सा क्रेगचे बी अद्याप विकले जाते. कांद्याचे बी फार काळ तग धरीत नाही, आणि निवडलेला कांदा हिवाळाभर जपून पुन्हा लावल्यावाचून नवे बी मिळत नाही. म्हणून जात टिकते ती नावाने नव्हे, दर पिढीला कोणीतरी राखलेल्या बियाण्याने. त्या अनामिकांचा लेखी पुरावा थोडा आहे. पेरणीचा दिवस हाच त्यांचा शिलालेख होय.