घर जगते ते कशावर?

मी भिवंडीचा. आमच्या गावात जुने घर म्हटले की आधी मागाचा खडखडाट आठवतो. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि पुष्कळ घरांचा तळमजला कारखाना झाला. पुढे महामार्गालगत गोदामे उभी राहिली. पोटाला मिळाले हे खरे. पण ओसरी, माजघर, कोरीव खांब ही घराची ओळख त्यात पुसली गेली. म्हणून कुठे जुना वाडा सावरला म्हणून ऐकले की मी विचारतो, तो जगतो कशावर?

ग्रीसच्या सिरोस बेटावर एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांच्या खांबांच्या, उंच छतांच्या हवेल्यांची आता हॉटेले झाली आहेत. आपल्याकडे असे उदाहरण पाहायचे तर सावंतवाडीला जावे. मोती तलावाच्या काठी जांभ्या दगडाचा राजवाडा आहे. तो तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीतला, म्हणजे 1755 ते 1803 या काळातला. त्याच्याच आवारातल्या ताईसाहेब वाड्यात अलीकडच्या वर्षांत पाहुण्यांसाठी हॉटेल सुरू झाले. खोल्यांची सजावट आहे गंजिफाची.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण 120. छापील पत्ते स्वस्त झाले आणि हा खेळ मागे पडला. 1970 च्या सुमारास ही कला जाणणारे हात जवळजवळ उरलेच नव्हते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्याच्या दरबारातच कारागीर बसवले. संस्थान केव्हाच विलीन झाले होते. जिथे मुजरे झडत, तिथे लोक मांडी घालून कुंचला चालवू लागले.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा क्रम. आधी काम जगवले, हॉटेल पन्नास वर्षांनी आले. म्हणून पाहुण्याला तिथे नुसती मऊ गादी मिळत नाही, पत्ता कसा रंगवतात तेही शिकायला मिळते. काम नसते तर तो वाडा म्हणजे भाड्याने दिलेला देखावा ठरला असता.

कोणी म्हणेल, असे हॉटेल सामान्यांच्या खिशाला कुठे परवडते? आक्षेप रास्त आहे. दरबार तिकीट काढून कोणालाही पाहता येतो, एवढे समाधान. पण जुने छप्पर दर पावसाळ्याला पैसे मागते, आणि नुसत्या अभिमानाने कौले शाकारता येत नाहीत.

आमच्या भिवंडीतही विणकराच्या घरात माग होता, तेव्हा घर आणि काम एकमेकांना धरून होते. मागाने घर गिळले ते नंतर. उरलेल्या चार वाड्यांपैकी एखाद्यात हातमाग पुन्हा लागला, पोरांना ताणाबाणा दाखवता आला, तर तेवढे घर तरी वाचेल. पाहुणे मागून येतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)