गवती चहा आणि सोन्याचे त्रिकोण

सोन्याचे कण आपोआप कसे वाढतात या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिळाले. सोन्याच्या द्रावणाचा माणकासारखा लाल रंग अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, असे मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच मांडले होते. अशा, मीटरच्या अब्जांशात मोजाव्या लागणाऱ्या कणांना आज नॅनोकण म्हणतात. पुण्यात मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी, परसातल्या गवती चहाची पाने उकळून काढलेला अर्क क्लोरोऑरिक आम्लाच्या, म्हणजे विरघळलेल्या सोन्याच्या, द्रावणात मिसळला आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील द्रव्ये सोन्याच्या आयनांचे क्षपण करतात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातुरूपात आणतात. प्रथम गोल कण तयार होतात, ते एकत्र जमतात आणि, सोनाराला नवल वाटावे असे, मुशीच्या आचेवाचून खोलीच्याच तापमानाला एकमेकांत मिसळून पातळ, सपाट त्रिकोण बनतात. अर्कातील अल्डिहाइड व कीटोन ही संयुगे कणांच्या पृष्ठभागाशी जोडली गेल्याने त्यांना ही द्रवासारखी तरलता येत असावी, असा या संशोधकांचा तर्क होता. हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही शोषतात.