'यू आर' आणि 'आर यू' : एका उलट्या क्रमाचा इतिहास

१/ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि खोपोलीवरून बोरघाट चढे. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत या घाटातून गाडीरस्ता झाला. साहेब, टपाल आणि कचेरीची इंग्रजी याच वाटेने घाटावर पोहोचली.

२/ याच पनवेल तालुक्यातील शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. बंडाचे निशाण उभारण्यापूर्वी ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. इंग्रजी शिकणे ही त्या पिढीची उपजीविका होती.

३/ या शिक्षणात मराठी मुलाला हमखास अडविणारी एक जागा होती. 'यू आर रेडी' हे विधान. 'आर यू रेडी' हा प्रश्न. शब्द तेच, केवळ कर्ता आणि क्रियापद यांनी जागा बदलली. मराठीत 'तू तयार आहेस' यापुढे 'का' जोडला की काम भागते. कोणालाही जागचे उठावे लागत नाही.

४/ हा उलटा क्रम आला कोठून? हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आजच्या मराठीसारखी विभक्तिप्रत्यय बाळगणारी होती. 'वाघाने माणसाला मारले' आणि 'माणसाला वाघाने मारले' यांत मारणारा कोण, हे मराठीत प्रत्यय सांगतो. जुन्या इंग्रजीतही बऱ्याच अंशी तसेच होते.

५/ त्या भाषेची आणखी एक रीत होती : विधानात क्रियापद बहुधा दुसऱ्या जागी. आरंभी 'तेव्हा' आला की लगेच क्रियापद, मग कर्ता. जर्मन आणि डच भाषांनी ही रीत आजही सांभाळली आहे. जर्मन माणूस 'आज येतो मी' याच क्रमाने बोलतो. होय-नाहीच्या प्रश्नात तर क्रियापद थेट आघाडीवर येई.

६/ पुढे शब्दांच्या अखेरचे स्वर क्षीण झाले, प्रत्यय गळाले. मग कर्ता आणि कर्म ओळखायचे कसे? जागेवरून. कर्ता आधी, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम पक्का झाला आणि जुनी रीत मागे सरली. मात्र काही कोपऱ्यांत ती टिकून राहिली.

७/ प्रश्न हा त्यातला पहिला कोपरा. पूर्वी 'नो यू द वे?' असे विचारता येई. सोळाव्या शतकात 'डू' या साहाय्यक क्रियापदाचा वापर झपाट्याने वाढला आणि १७०० च्या सुमारास 'डू यू नो द वे?' हीच रूढी झाली. मुख्य क्रियापद जागेवर बसले. पुढे जाण्याचे काम 'डू'कडे आले.

८/ दुसरा कोपरा नकाराचा : 'नेव्हर हॅव आय सीन'. तिसरा संकेतार्थाचा : 'इफ आय हॅड नोन' ऐवजी 'हॅड आय नोन'. अर्ज-विनंत्यांच्या इंग्रजीत अशा रचनांना मोठा मान होता. म्हणून कारकुनाला त्या शिकाव्याच लागत.

९/ द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या 'भाषांतर पाठमाले'ने मराठी घरांतील कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविली, ती मराठी वाक्य इंग्रजीत आणि इंग्रजी वाक्य मराठीत उतरवीत. दोन क्रमांतील ही ओढाताण अशा सरावानेच अंगवळणी पडे.

१०/ म्हणून आज कोणी 'व्हेअर यू आर गोइंग?' म्हणाला, तर हसू नये. तो अडाणी नाही. 'तू कुठे चालला आहेस' या वाक्यात कर्ता जागा सोडत नाही, आणि तो आपल्या भाषेच्या नियमाशी प्रामाणिक राहिला आहे. तो अडखळतो तो इंग्रजीच्या तर्कापाशी नव्हे, तिच्या हजार वर्षांच्या अवशेषापाशी.

११/ आणि फडके? आई आजारी असता रजा वेळेवर मिळाली नाही. तिची अखेरची भेट हुकली. पुढे बंडात उतरल्यावर आत्मवृत्त आणि रोजनिशी त्यांनी लिहिली ती मराठीत. १८७९ च्या खटल्यात तोच मजकूर इंग्रजीत उतरवून त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला गेला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. साहेबाच्या वाक्याचा क्रम ज्याने पोटासाठी आत्मसात केला, त्याने मनातले लिहिताना आपलाच क्रम राखला.