बीज, माती आणि गोडेंमूत

मधुमेहाचा विषय निघाला की गोव्यातल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘गोडेंमूत आमच्या घराण्यातच आहे.’ या वाक्यात तथ्य किती, हे पाहायचे तर आधी इंदूरला जाऊया. डॉक्टरकडे नव्हे, शेतावर.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथे नोकरीला आले. काम बियाण्याचे. पत्नी गॅब्रिएल यांच्यासह त्यांनी गव्हाचे पुसा ४, पुसा १२ असे सुधारित वाण तयार केले. पण जमीन निकृष्ट असेल तर उत्तम वाणही आपले गुण दाखवत नाही, हे दोघांच्या लक्षात आले. पुढे १९२४ साली होळकरांच्या इंदुरात, दरबारने दिलेल्या सुमारे ३०० एकरांवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे.

तिथे हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांचे पुस्तक आले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली.

हॉवर्ड मात्र तिथे थांबले नाहीत. कसदार मातीतला चारा खाणारे आपले बैल खुरकुताच्या रोगी जनावरांना नाक लावूनही आजारी पडले नाहीत, असे त्यांनी लिहिले. माती निरोगी तर पीक, जनावर आणि माणूसही निरोगी, असे ते मांडू लागले. हा काही नियंत्रित प्रयोग नव्हता. बीजाकडून निघालेला माणूस मातीच्या बाजूला जरा जास्तच झुकला.

माणसांचा हिशेब नीट मांडला गेला तो पुण्यात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील बायकांचा गरोदर राहण्याआधीपासून अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का होतो, याचा एक धागा इथे सापडतो. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. आईचे पोट ही आपली पहिली माती.

जनुकेही खोटी नाहीत. टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध २००६ साली आइसलंडमध्ये दिसला आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या रुग्णांतही. पण अशा एकेका जनुकाने धोका थोडासाच वाढतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण भारतात ११.४ टक्के निघाले, गोव्यात २६.४ टक्के. सर्व राज्यांत जास्त. आपल्याकडे माणसे जास्त जगतात, हे एक कारण धरले तरी दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. आजोबा पेज जेवून शेतात उतरत. नातू कोपऱ्यावरचे पाव आणायलाही स्कूटर काढतो. बीज तेच आहे, माती बदलली.

घराण्यातून बीज येते, तशी जेवणाची ताटे आणि बसण्या-उठण्याच्या सवयीही येतात. म्हणून ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणणाऱ्याने हात टेकू नयेत. साखर इतरांपेक्षा आधी तपासून घ्यावी, आणि घरातल्या गरोदर लेकीसुनेच्या ताटात काय पडते तेही पाहावे.