'बाहेरचे' कोणी ठरवले?

१९७९. अमेरिकेतील बर्मिंगहॅम, अलाबामा. घराला लागलेल्या आगीत लॉनी हॉली या कृष्णवर्णीय तरुणाच्या बहिणीची दोन मुले गेली. थडग्याच्या दगडालाही पैसे नव्हते. कलाशाळेची पायरी न चढलेल्या हॉलींनी फाउंड्रीने फेकलेल्या वाळूच्या ठोकळ्यांतून ते दगड स्वतः कोरले. दुःखाला वाट मिळाली. मग भंगारातून शिल्पे घडत गेली, अंगण भरले. १९८१ मध्ये त्यांची कला स्मिथसोनियनच्या प्रदर्शनात पोचली. तरीही १९९७ मध्ये विमानतळाच्या विस्तारासाठी ते अंगण उद्ध्वस्त केले गेले.

कलाजगत अशा कलावंतांना 'आउटसायडर' म्हणते. गावकुसाबाहेर राहणे काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून कौतुकाआधी विचारा: कलाशाळेचे आणि वस्तीचे कूस बांधले कोणी?