उपाहारगृहे आणि वाढण्याच्या रीती

पैसे घेऊन अन्न देणाऱ्या कोणत्याही जागेला मराठीत सर्रास ‘हॉटेल’ म्हणतात. वास्तविक त्या शब्दात मुक्कामाची सोय अभिप्रेत आहे. खानावळ, उपाहारगृह, टपरी यांतील भेद पदार्थांइतकाच वाढण्याच्या रीतीचाही असतो. खानावळीत ठरलेले ताट आणि बहुधा महिन्याचा हिशेब. उडुपी उपाहारगृहात पदार्थागणिक मागणी व टेबलावर आणून देणारा वेटर. बंगळुरूच्या ‘दर्शिनी’त आधी पैसे, मग कूपन देऊन खिडकीवर बशी घ्यायची आणि उभ्यानेच खायचे. वाढप्यांचा खर्च वाचल्याने तेथील इडली-कॉफी स्वस्त पडते.

कोणी कोणाशेजारी बसावे, हेही या रीतींनीच ठरत आले. ब्रिटिश अमदानीत रेल्वे स्थानकांवर हिंदू व मुसलमान प्रवाशांचे पाणी वेगळे असे. दक्षिणेतील अनेक उपाहारगृहांत ब्राह्मणांची बैठक स्वतंत्र असे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने सार्वजनिक उपाहारगृहांतील प्रवेशावरचे जाती-धर्माचे निर्बंध अवैध ठरवले. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम, १९५५ याने अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. भांड्यांचा हा वेगळा उल्लेख अनाठायी नव्हता. दार उघडे ठेवूनही पेला निराळा ठेवता येतो. तमिळनाडूतील काही गावांच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळ्या पेल्याची चाल कायद्यानंतर कित्येक दशकांनीही आढळली. १९७६ च्या दुरुस्तीपासून हा कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो.